अकरा महिन्यांचं बिऱ्हाड

बेळगावला लागून असलेल्या कंग्राळीत मालुबाईच्या चाळीत राहायला यायचं, तर दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड उचलायची तयारी ठेवावी लागे. लांब कुठं नाही, शेजारच्याच खोलीत. पहिलीतल्यानं दुसरीत, दुसरीतल्यानं तिसरीत, तिसरीतल्यानं चौथीत आणि चौथीतल्यानं फिरून पहिलीत. चारही खोल्या सारख्याच, खिडकी त्याच बाजूला, मोरी त्याच कोपऱ्यात. पण ठरल्या दिवशी सकाळी चार संसार एकदम अंगणात यायचे. गाद्या, शेगड्या, पिंप, देवांचे फोटो, सगळं उन्हात. मालुबाई मधोमध पाट टाकून बसायची आणि खोली रिकामी झाली म्हटलं की स्वतः आत जाऊन कोपरान् कोपरा बघून यायची. कुणाचा खराटा जरी मागं राहिला तरी तो तिच्या हातानं बाहेर यायचा. वस्तू राहिली की हक्क राहतो, असं तिचं शास्त्र होतं.

"मालुबाईकडं बदल्या निघाल्यात," असं गल्ली म्हणायची आणि हसायची. मालुबाईला ते ठाऊक होतं. हसणाऱ्यांची जमीन गेली म्हणजे त्यांना कळेल, असं ती म्हणायची.

या वेडामागचं कारण साधं होतं, आणि ते तिच्या सासऱ्यापासून सुरू होत होतं. चाळीमागचं एकरभर रान आज मालुबाईचं म्हणून ओळखलं जातं, पण ती लग्न होऊन आली तेव्हा ते बेळगावच्या एका सावकाराचं होतं. सासरा ते कुळानं करायचा, म्हणजे कसायचा हा, आणि पिकातला वाटा मालकाच्या घरी पोचवायचा. मग कायदा आला. कसेल त्याची जमीन. सासऱ्यानं अर्ज केला, साक्षीदार उभे केले आणि रान त्याच्या नावावर झालं. त्या दिवशी घरात गोडधोड झालं. जेवताना सासरा म्हणाला, "सावकार माणूस भला. त्यानं ईश्वास टाकला म्हणून गेलं त्येचं." नव्या सुनेनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चोर हा शब्द इथं बरोबर नाही, कायद्यानंच दिलेलं रान ते, पण चांदणं मात्र मालुबाईच्या मनात तेव्हापासून जे पडलं ते मावळलंच नाही. आपल्याला जसं मिळालं तसंच आपल्याकडून जाणार, कुणीतरी येणार, गोड बोलणार, चार वर्षं राहणार आणि एक दिवस म्हणणार, हे माझं.

नवरा मष्णू होता तोवर हे चांदणं घरापुरतं होतं. तो गेला आणि एकुलता एक मुलगा नागेंद्र पुण्याकडं चाकणला कंपनीत लागला, तेव्हा तिची झोपच उडाली. एकटी बाई, मागं रान, भोवती रोज नवी माणसं. गावाचं रूपही पालटत होतं. गल्लीतली तरणी पोरं पुण्याला, बंगळूरला, गोव्याला. ज्या घरात सकाळी दहा माणसं चहाला असायची तिथं आता म्हातारा-म्हातारी आणि टीव्ही. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत विजापूर-बागलकोटकडची, पाऊस न बघितलेल्या मुलखातली माणसं येऊन राहत होती. कुणी फाउंड्रीत, कुणी बांधकामावर. शाळा सुटली की गल्लीत कानडी गलका व्हायचा. शहर कंग्राळीपर्यंत आलं होतं की कंग्राळी शहरात गेली होती, हे आता कुणाला सांगता येत नव्हतं.

मालुबाईनं दोन गोष्टी केल्या. एक, रान पडीक टाकलं, कारण भागानं कसायला दिलं तर कसणारा कूळ होणार. दुसरी, रान आणि घर दोन्ही नागेंद्रच्या नावावर करून टाकलं. "माझ्यासारक्या रांडमुंड बाईच्या नावावरचं कोनबी हिसकल. पोराच्या नावाला हात लावायची कुनाची टाप न्हाय," असं तिनं शेजारच्या अंबुबाईला सांगितलं होतं. अंबुबाईलाही ते पटलं होतं.

यमनाप्पा आला तो असा, बायको बायाक्का आणि दोन ट्रंका घेऊन. बेळगावच्या पलीकडल्या मच्छे गावातल्या एका फाउंड्रीत कामाला. मालुबाईनं पहिलाच प्रश्न टाकला, "काम मच्छ्यात, आणि खोली हितं? मच्छ्यात खोल्या न्हाईत व्हय?"

"हाईत की आक्का," तो म्हणाला. मराठी तो अडखळत पण नीट बोलायचा. "तितं मागं कंपनीची भिंत दिसती. हितं शेत दिसतंय."

झालं. तेवढ्यावर मालुबाईच्या मनात पहिली ठिणगी पडली. शेत दिसावं म्हणून कोण शहाणा माणूस रोज सगळं बेळगाव ओलांडून कामाला जातो? खोली तिनं दिली, कारण दोन खोल्या मोकळ्याच होत्या. दर अकरा महिन्यांची बदली आता लोकांना नको होती. पण त्या दिवसापासून तिचा एक डोळा यमनाप्पावर राहिला.

आणि डोळा ठेवला की दिसायला काय कमी? रात्रपाळी करून आलेला माणूस झोपेल की नाही? हा सकाळी चहाचा पेला घेऊन मागच्या दाराशी उभा राहायचा आणि रानाकडं बघत बसायचा. एकदा वाकून मातीचं ढेकूळ उचललं, चुरगळलं, वास घेतला. मालुबाई खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "आक्का, ह्या रानात काय पिकत होतं?"

"भात. रताळी. तुला कशाला?"

"रताळी गोड ईल ह्या मातीला. लाल माती, निचरा चांगला."

निचरा! मालुबाईनं अंबुबाईला गाठलं. "बगितलास? निचऱ्यापर्यंत गेलाय त्यो. आता मोजनी करायचाच ऱ्हायलाय."

बायाक्काही सुटली नाही. तिनं मोरीच्या पाण्यावर कढीपत्त्याचं रोप लावलं. हातभर झालं तोवर मालुबाई गप्प राहिली, मग एका दुपारी उपटून टाकलं. झाड मूळ धरतं आणि झाडाबरोबर माणूस. बायाक्का कामावरून आली. ती चार घरची भांडी करायची. तिनं सुकलेलं रोप बघितलं, काही बोलली नाही. तिचं न बोलणंही मालुबाईला बरं वाटलं नाही. बोलणारा माणूस परवडतो, पोटात ठेवणारा नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर यमनाप्पानं धीर करून मागणं घातलं. "आक्का, रान पडूनच हाय. तन माजलंय. निम्म्यानं मला करू द्यासा? बी माजं, कष्ट माजं. निम्मं तुमाला."

"निम्म्यानं?" मालुबाईचा आवाज चढला. "आज निम्मं, उद्या सगळं. आमी बी असंच घेटलावं रं, मला नको शिकवूस."

शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं तशी ती स्वतःच चपापली. यमनाप्पाला त्याचा अर्थ लागला नाही. त्याची स्वतःची दोन एकर कोरडी जमीन गावाकडं पडून होती, विहिरीला पाणी नाही म्हणून तो इथं आला होता. पाणी, माती, पाऊस सगळं असलेलं रान कुणी मोकळं ठेवतं, हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. पडीक रान बघून त्याचे हात शिवशिवायचे. मालुबाईला वाटायचं, हातांना दुसरंच काही हवंय.

मग श्रावणात ते दगड निघाले.

मालुबाई सकाळी गवत कापायला रानात गेली तर बांधाला चुना लावलेला एक दगड. पुढं आणखी एक. मधल्या तणातही दोन, एका ओळीत. खुणा! ती तशीच फिरली आणि बघते तो पलीकडच्या टोकाला यमनाप्पा, कमरेत वाकलेला, हातात तसलाच पांढरा दगड.

तिनं जी आरोळी ठोकली ती चौकापर्यंत गेली. अंबुबाई आली, गल्लीतले चारदोन रिकामे आले. मालुबाई सगळ्यांना सांगत होती, "बगा, बगा! रंगेहात! सरळ रान वाटून घ्यायलाय की वो ह्यो!"

"आक्का, मी न्हाय लावलो," यमनाप्पा म्हणाला. दगड अजून त्याच्या हातातच होता. "काल गाडीतनं मानसं आलती. त्येनी लावली. मी इचारलो तर मलाच दम दिली. तुमाला दाखवाय म्हनून उपटायलो होतो."

"गाडीतनं!" मालुबाई हसली. "माज्या रानात गाडी येती आनि मला दिसत न्हाय? मी काय आंधळी हाय?"

ती आदल्या दिवशी अंबुबाईबरोबर संकेश्वरला, अंबुबाईच्या नातीचं स्थळ बघायला गेली होती. ते तिला त्या क्षणी आठवलं नाही, अंबुबाईलाही नाही. संशयाला विसरायचं बरोबर कळतं.

"आजच्या आज खोली मोकळी कर," ती म्हणाली.

यमनाप्पानं दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा बायाक्कानं त्याच्या दंडाला धरलं आणि कानडीत एवढंच म्हटलं, "पुरे. चला." संध्याकाळी टेंपो आला. मालुबाई शिरस्त्याप्रमाणे खोलीत शिरून कोपरे बघून आली. काही राहिलं नव्हतं. उलट बायाक्कानं खोली सारवल्यासारखी पुसून दिली होती. "गेली ब्याद," अंबुबाई म्हणाली.

आठवडा गेला नसेल, भर दुपारी चाळीमागं खरंच गाडी थांबली. तिघं उतरले, एकाच्या हातात मोजायची टेप. मालुबाई विळा घेऊनच धावली. त्यांतला गॉगलवाला न भिता म्हणाला, "आजी, शांत व्हा. आमी न इचारता न्हाय आलो. मालकांनीच सांगितलंय."

"मालक कोन रं? मालक मी!"

त्यानं मोबाइल काढला, नंबर लावला आणि तिच्या कानाला दिला. पलीकडं नागेंद्र होता.

"आई, मी सांगनारच होतो तुला. गणपतीला आलो की सांगनार होतो."

"काय सांगनार होतास?"

"प्लॉट पडायलेत आजूबाजूला. भाव चांगला हाय. रान पडूनच हाय की आई. तूच कुनाला करू देत न्हाईस, मी तर येत न्हाय. मग ठेवून करायचं काय?"

नागेंद्र बोलत राहिला. पुण्यात फ्लॅट बघितलाय, दोन खोल्या जास्तीच्या, एक तुझ्यासाठी. तुझी सून रूपाली पण म्हणते, आईंना आणू. पोरांची शाळा इथं, आमचं सगळं इथं. तिथं कोण उरलंय आता?

"मी उरलेय की," मालुबाई म्हणाली.

नागेंद्र वाईट मुलगा नव्हता. दर सणाला यायचा, औषधं पाठवायचा. "आई, माजं नाव तूच लावलंस. मी मागिटलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. हे खरंच होतं, आणि म्हणूनच तिला सहन झालं नाही. तिनं फोन गॉगलवाल्याच्या हातात कोंबला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मालुबाईनं चूल पेटवली नाही. आयुष्यभर तिनं वेशीकडं तोंड करून पहारा दिला होता आणि घर पाठीमागून मोकळं राहिलं होतं. राग इतका आला की अंग तापलं. पण म्हातारीचं डोकं सासऱ्याच्या घरात घडलेलं. मध्येच तिला एक तोड सुचली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. कूळ! ज्या जमिनीवर कूळ आहे ती विकता येत नाही. सावकाराला तरी कुठं विकता आली होती? यमनाप्पाचं नाव कूळ म्हणून लावून टाकायचं. तो कसेल, रान राहील, आणि नागेंद्रचे गाडीवाले तणात उभे राहून बघत बसतील. ज्याच्या भीतीनं जन्म काढला तेच आता हाताशी धरायचं. दुसऱ्या दिवशी ती मच्छ्याच्या बसमध्ये चढली.

फाउंड्रीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. बायाक्कानं दार उघडलं, मालुबाईला बघितलं आणि दार तसंच अर्धं धरून ठेवलं. "काय राहिलं का आमचं तुमच्याकडं?" तिनं विचारलं. आत या म्हणाली नाही. मालुबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. दारातून ज्या नजरेनं बायाक्का तिला न्याहाळत होती ती नजर मालुबाईच्या चांगली ओळखीची होती, फक्त ती आजवर आतून बाहेर टाकायची तिची सवय होती.

यमनाप्पा आतून आला. मालुबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दगड कुणी लावले तेही सांगितलं. माफी मागायचं तिच्या जिभेला वळण नव्हतं, पण "चुकलं माजं" एवढं निघालं. मग म्हणाली, "रान तू कर. कूळ म्हनून नाव लावून घे. मी सोता सांगते वकिलाला."

नवरा-बायको कानडीत बोलली. मालुबाईला कानडी कळत होती. बायाक्का म्हणत होती, आई-लेकाच्या भांडणात आपली मान कशाला? उद्या लेक पोलीस घेऊन आला तर ही म्हातारी म्हणेल, मी नव्हतेच बोलावलं. यमनाप्पा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "वकिलाकडं येतो आक्का. मोटारसायकलवरनं सोडतो. नावाचं मग बगू."

बेळगावात कोर्टासमोरच्या एका जुन्या इमारतीत वकील बसायचे. पिकलेल्या केसांचे, चहा पीत होते. त्यांनी म्हातारीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग विचारलं, "आजी, हे कुळाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? आमचंच रान असं आलंय. सासरा कूळ होता."

"बरोबर. त्या वेळचं ते. त्या कायद्याचे अर्ज घ्यायची मुदत होती, ती केव्हाच संपली. तुमचा मुलगा तेव्हा जन्मला तरी होता का?"

"न्हाय. त्यो मागनं झाला."

"म्हणजे बघा. तेव्हापासून नवं कूळ लागतच नाही कुणाला. हे गृहस्थ दहा वर्षं कसोत, वीस वर्षं कसोत, त्यांचं नाव लागणार नाही. भाडेकरू खोलीत वर्षानुवर्षं भाडं देऊन राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही."

मालुबाईनं यमनाप्पाकडं बोट केलं. "म्हंजे ह्यो माजं रान घेऊच शकला नसता?"

"नाही."

"आनि ह्येच्या आदीचे?"

"कुणीच नाही," वकील म्हणाले. "तुमच्या हयातीत तुमची जमीन घेऊ शकेल असा एकच माणूस होता, ज्याच्या नावावर तुम्ही ती आपण होऊन करून दिलीत. त्यानं विकली तर अडवायचा प्रयत्न करता येईल, अर्ज टाकू. पण जिंकाल असं मी सांगणार नाही."

खाली उतरून दोघं फुटपाथवर उभी राहिली. मालुबाईच्या डोक्यात गेल्या सगळ्या वर्षांची बिऱ्हाडं उन्हात मांडलेली होती. गोव्याला निघून गेलेला गवंडी, जिची तान्ही पोर तापानं फणफणली होती तरी जिला खोली बदलायला लावली ती विजापूरची बाई, पडीक रानाचे ते सगळे पावसाळे. रान पिकतं असतं, चाळीत माणसं टिकली असती, तर नागेंद्रला "कोण उरलंय" असं म्हणायला तोंड तरी झालं असतं का? तिला रडू आलं, आणि भर रस्त्यात, पोरासोरांनी बघावं असं, ती पदरात तोंड घालून रडली. यमनाप्पा बाजूला अवघडून उभा राहिला.

"परत या रं," ती नाक पुसत म्हणाली. "दोन खोल्या मोकळ्या हाईत. पायजे ती घ्या. हलवनार न्हाय मी. रान इकलं जाईस्तवर तरी रताळी लाव. भाग नको मला."

यमनाप्पानं मोटारसायकल स्टँडवरून काढली, तिला नीट बसवून घेतलं. गाडी चालू करायच्या आधी तो थोडा थांबला.

"बगतो, आक्का," तो म्हणाला.

खोली मागायला आलेल्या माणसाला द्यायची नसली की मालुबाई दारातूनच जे सांगायची ते हेच, ह्याच मऊ आवाजात. कंग्राळीच्या वळणापर्यंत ती त्याच्या मागं कडी धरून बसून राहिली.